साहेबांच्या आठवणी आणि वऱ्हाडचा कापूस

१८६९ साली हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाच्या अधिकाऱ्याने सरकारला एक अहवाल सादर केला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा तो कॉटन कमिशनर होता. कापसाचे बियाणे, प्रतवारी, बाजार, वाहतूक, सारे त्याच्या नजरेखाली चाले. या अहवालात त्याने एक अपेक्षा अगदी मोकळेपणाने मांडली आहे. कापसाच्या मुलखात आगगाडीचा फाटा आला की विलायती कापड इतके स्वस्त पडेल की इथले कापड त्याच्यापुढे टिकणार नाही. मग इथे सुतासाठी खर्ची पडणारी रुई परदेशी पाठवायला मिळेल. आणि सूत कातणारे, माग चालवणारे हजारो लोक शेतमजुरीला मोकळे होतील, म्हणजे कापसाचा पेरा आणखी वाढेल.

ही कबुली कोणी त्याच्याकडून काढून घेतलेली नव्हती. आपण काही वावगे लिहितो आहोत असे त्याला वाटण्याचे कारणच नव्हते. वाचणारे होते वरिष्ठ अधिकारी आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे हितचिंतक, आणि त्यांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला.

याच कारनॅकने १९१० साली, सत्तरी ओलांडल्यावर, आठवणींचे पुस्तक छापले. भारतातले, मायदेशातले आणि इतर देशांतले दिवस त्यात आहेत. अहवाल आणि पुस्तक यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली आणि त्या चाळीस वर्षांत वऱ्हाडने दोन भीषण दुष्काळ पाहिले. माझ्या मते वऱ्हाडचा कोष्टी, साळी आणि कुणबी समजून घ्यायचा असेल तर पुस्तकापेक्षा तो रुक्ष अहवाल दसपट मोलाचा आहे. अधिकाऱ्याच्या आठवणी वाचताना दोन प्रश्न विचारावेत. हे लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर वाचक कोण होता? आणि घटनेला किती वर्षे लोटली होती? या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आली की बाकीचे बरेच काही आपोआप उलगडते.

या कसोटीसाठी वऱ्हाडसारखा प्रांत शोधून सापडणार नाही, कारण इथे मालक एक आणि कारभारी दुसरा अशी स्थिती जवळजवळ शंभर वर्षे होती. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचे जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी भागवायची, हे कारण. मुलूख निजामाचाच राहिला, पण वसुली, न्याय, पोलीस सगळे इंग्रजांकडे गेले. कागदोपत्री नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली चाले. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीला, पश्चिम वऱ्हाडचे अकोल्याला. हैदराबादचा दिवाण सालारजंग हा मुलूख परत मागत राहिला, १८७६ मध्ये विलायतेपर्यंत जाऊन आला, पण पदरात काही पडले नाही. उलट १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणून इथे आलेला प्रत्येक साहेब लिहू लागला की त्याच्या लेखणीवर एक जादा ओझे असे. आपण आलो म्हणून रयतेचे भले झाले, हे सतत सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले तरच मुलूख परत न देण्याला आधार.

या परंपरेचा आरंभ मात्र तहाच्या पन्नास वर्षे आधीचा आहे, आणि त्या आरंभी एक चोवीस वर्षांचा तरुण आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला, मुंबईतल्या कॉलेजामुळे आजही नावाने माहीत असलेला. १८०३ मध्ये तो मराठ्यांशी लढणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या छावणीत होता. असईच्या लढाईत वेलस्लीच्या घोड्याशेजारी त्याचा घोडा होता. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहावर नागपूरच्या रघूजी भोसल्यांना सही करावी लागली. या धामधुमीतून एल्फिन्स्टन आपल्या स्ट्रॅची नावाच्या मित्राला पत्रे लिहीत होता. तरुण माणूस मित्राला लिहितो तशी ती पत्रे आहेत. ना निवृत्तीवेतनाची काळजी, ना इतिहासात जागा मिळवण्याची. लढाईचा गोंधळ, भीती, उत्साह सगळे त्यात ताजे आहे.

अडगावची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. असईला तोफांच्या भडिमारात छाती पुढे करून गेलेले शिपाई अडगावला गावाजवळून बाहेर पडताना भोसल्यांच्या तोफा सुरू होताच मागे फिरले. वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना सावरावे लागले. विजयाच्या भाषणात असली गोष्ट कोणी सांगत नाही. ती टिकते लढाईनंतर लगेच लिहिलेल्या कागदात. एल्फिन्स्टन १८५९ मध्ये वारला आणि त्याची पत्रे, रोजनिशा १८८४ मध्ये कोलब्रुकने चरित्रातून प्रसिद्ध केल्या. म्हणजे लिहिणाऱ्याला छापणाऱ्याची कल्पना नव्हती, आणि छापणाऱ्याला लिहिणाऱ्याची भीड नव्हती. आठवणींचे साधन म्हणून याहून चांगली स्थिती क्वचित मिळते.

मेडोज टेलरची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा हा लेखक. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करायला मुंबईला आला आणि पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. १८५७ मध्ये तो नळदुर्गला होता. उठाव पेटल्यावर त्याला तातडीने उत्तर वऱ्हाडात, बुलढाण्याला पाठवले. सोबत फौज दिली नाही, देण्यासारखी शिल्लकच नव्हती. माणसांच्या ओळखीवर आणि स्वतःच्या शब्दावर त्याने तो जिल्हा शांत ठेवला, शिवाय जनरल व्हिटलॉकच्या फौजेसाठी बैल जमवून दिले.

टेलरने आत्मचरित्र लिहिले ते आयुष्याच्या शेवटी, आजारपणात. १८७६ मध्ये तो गेला आणि मुलगी अॅलिसने १८७७ मध्ये ते पुस्तक छापून आणले. बुलढाण्याची हकीकत वाचताना टेलर नावाचा माणूस मनापासून आवडतो. रयतेत मिसळणारा, मराठी मुलखावर जीव असणारा, ‘तारा’सारखी तुळजापूरची कादंबरी लिहिणारा. पण आपण प्रश्न विचारला पाहिजे. १८५७ मध्ये वऱ्हाड शांत राहिला तो एका साहेबाच्या वजनामुळे, की पाटील-देशमुखांनी आपला हिशेब करून शांत राहायचे ठरवले म्हणून? टेलरच्या पुस्तकात पहिले उत्तर मिळणार हे उघड आहे. दुसरे उत्तर देणारा एकही देशमुख आत्मचरित्र लिहायला बसला नाही. जे बैल गोळा झाले ते कुणाच्या तरी गोठ्यातले होते, पेरणीच्या, वखरणीच्या कामाचे होते. त्यांचे धनी कोण आणि त्यांनी ते खुशीने दिले की नाइलाजाने, हे विचारणारा त्या वेळी कोणी नव्हता.

मग येतो आल्फ्रेड लायल. मला या सगळ्यांत हा सर्वांत मोठा वाटतो. बुलंदशहरला असताना १८५७ च्या उठावात त्याचा बंगला जळला होता. तिथून मध्यप्रांतामार्गे १८६७ मध्ये तो पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होऊन अकोल्याला आला. त्याच वर्षी वऱ्हाडची पहिली खानेसुमारी झाली आणि सुमारे २२ लाख माणसे मोजली गेली. मुंबई ते नागपूर रेल्वेही त्याच वर्षी पुरी झाली. १८७० मध्ये लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर संपादून प्रसिद्ध केले. आजही अमरावती किंवा अकोल्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ते चाळल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पण लायलचे खरे काम वेगळेच आहे. सरकारी दौऱ्यांत तो गावोगाव फिरे आणि पारावरचे, शिवारातले देव पाही. एखाद्या वेगळ्या आकाराच्या दगडाला कोणी शेंदूर लावतो, नवस फळतो, चौथरा बांधला जातो. कुणी साधू किंवा वीर मरतो, त्याच्या समाधीवर दिवा लागतो, दोन पिढ्यांत त्याचे चमत्कार सांगितले जाऊ लागतात, मग एखादा शास्त्री येऊन तो अमुक देवाचा अवतार असल्याचे सांगतो आणि गावचा देव पुराणात जाऊन बसतो. १८७२ मध्ये त्याने यावर लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’मध्ये ‘एका भारतीय प्रांताचा धर्म’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहिला. तो प्रांत म्हणजे आपला वऱ्हाड. त्या काळी युरोपातले पंडित वेद आणि पुराणे चाळून देवांचा उगम सूर्यात, पहाटेत, आभाळात शोधत होते. लायलने त्यांना सांगितले की देव अजूनही जन्माला येताहेत, येऊन पाहा. १८८२ मध्ये ‘एशियाटिक स्टडीज’ या ग्रंथात हा निबंध आला आणि धर्माचा अभ्यास करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे वाचला. अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांवरून जगातल्या एका मोठ्या वादात पुरावा दिला गेला, याचा वऱ्हाडच्या माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही.

लायलचे लिखाण इतके टिकाऊ का ठरले? तो नोकरीवर असताना, जे पाहिले ते विसरायच्या आत लिहीत होता. आणि त्याचा विषय तो स्वतः नव्हता. आठवणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना ही दुसरी गोष्ट फार अवघड जाते. तरीही त्याच्या लिखाणात एक मोठी पोकळी आहे. त्याला माहिती दिली पाटलांनी, पटवाऱ्यांनी, देशमुख-देशपांड्यांनी, तहसील कचेरीतल्या कारकुनांनी. त्यांनी सांगितलेले साहेबाच्या इंग्रजीत आले. त्यांचे स्वतःचे म्हणणे, त्यांच्या बोलीत, कुठेच उतरले नाही. साहेबाचा तंबू पडला की गावाला काय वाटे, शिधा आणि चारा कुणाकडून येई, साहेबापुढे काय बोलायचे आणि काय गिळायचे हे कोण ठरवी, हे सांगणारा आवाज त्या गॅझेटियरच्या पानांत ऐकू येत नाही.

आता पुन्हा कारनॅककडे वळू, कारण वऱ्हाडचे दुखणे तिथे आहे. त्याचे पद निर्माण होण्यामागे अमेरिका होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून आधीपासून ओळखीचा होता. भाव कडाडले, मुंबईत सट्टा माजला, १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. पण कापसाची ओढ राहिली. अब्राहम लिंकनच्या मंत्रिमंडळाने लढाईसाठी घेतलेल्या एका निर्णयाने बाळापूर, अकोट, दर्यापूरच्या काळ्या जमिनीत काय पेरायचे ते ठरू लागले.

सरकारने त्यापाठोपाठ व्यवस्था उभी केली आणि ती कसून केली, हेही मान्य केले पाहिजे. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. वजनमापे, अडत, दलाली यांना नियम आले. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते. जिन आणि प्रेस उभे राहिले. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण पाठ असलेल्या आपल्या लोकांनाही या भरभराटीचे अप्रूप होते.

आणि त्याच १८९७ च्या सुमारास दुष्काळ पडला, १८९९-१९०० मध्ये त्याहून भयंकर. खानेसुमारीचे आकडे काय सांगतात ते पाहावे. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ व्हायच्या ऐवजी जवळजवळ दीड लाख माणसे घटली. पाऊस हुकला हे खरेच, पण सगळा दोष आभाळाला देता येणार नाही. ज्वारीच्या वावरात कापूस गेला होता. पेवात धान्य साठवण्याची जुनी रीत रोकडीच्या व्यवहारात मागे पडली होती. मागावर बसणारा माणूस मजूर झाला होता, आणि पाऊस नसला की मजुराला पहिल्या आठवड्यातच काम नसते. ज्या रुळांवरून रुई गेली त्याच रुळांवरून धान्यही बाहेर जाऊ शकत होते. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १९९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात ही साखळी कडीकडीने जोडून दाखवली आहे, आणि तिची पहिली कडी कारनॅकसारख्यांच्या अहवालांतच हाती लागते. १८६९ मध्ये त्याने जे व्हावे म्हणून लिहिले ते झाले. विणकर शेतमजुरीला मोकळे झाले, आणि तीस वर्षांनी दुष्काळी कामावर खडी फोडू लागले.

त्यातल्या पहिल्या दुष्काळाच्या वर्षाअखेरीस, डिसेंबर १८९७ मध्ये, अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे आपल्या बाजूचे, कारभार आतून पाहिलेले, आणि रोज लिहिणारे. १८८४ मध्ये वकिलीची परीक्षा झाल्यावर ते वऱ्हाडात मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते. काही वर्षांत नोकरी सोडून १८९० च्या सुमारास त्यांनी अमरावतीला वकिली सुरू केली. पुढे टिळकांचे ते उजवे हात झाले, टिळकांना मंडालेला पाठवल्यावर अपिलासाठी विलायतेत राहिले, आणि नंतर दिल्लीच्या कौन्सिलात बसले.

खापर्ड्यांची रोजनिशी १८९४ पासून १९३८ पर्यंतची आहे, चाळीसहून अधिक वह्या, आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. बहुतेकांना तिच्यातला माहीत असलेला भाग एकच, १९११-१२ मधल्या शिर्डीच्या मुक्कामाचा, कारण तो छापला गेला. साईबाबांच्या भक्तांसाठी तो ठेवा आहेच. पण बाकीच्या वह्यांत अमरावतीचा रोजचा दिवस आहे. कोणता खटला चालला, कोण भेटीला आले, कोण जेवायला होते, कोणती सभा झाली. सकाळी उठल्यापासूनची नोंद. यात रंगवणे नाही, आणि म्हणूनच ती विश्वास ठेवण्याजोगी आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसते. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला ठाऊक असते, आणि तो नकळत सगळे त्या दिशेला वळवून घेतो. वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाची चव्वेचाळीस वर्षे अशी दिवसागणिक लिहिलेली असताना तिची संपूर्ण, टीपांसह मराठी आवृत्ती अमरावतीतल्या घराघरांत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अमेरिकेत अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि रोजनिशा किती गंभीरपणे घेतात ते सांगितले पाहिजे. तिथे राष्ट्राध्यक्ष बदलला की त्याच्याबरोबर सगळी वरची फळी बदलते, आणि बाहेर पडलेले मंत्री, सचिव, सल्लागार आठवणी लिहायला बसतात. त्यातल्या पुष्कळशा स्वतःची बाजू सांगणाऱ्या असतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी आपली चूक झाल्याचे पुस्तकात कबूल केले ते १९९५ मध्ये, युद्ध संपून वीस वर्षे झाल्यावर. याउलट निक्सन यांचे चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन रोज रात्री दिवसाची नोंद करीत, आधी हाताने आणि मग टेपवर बोलून. ती रोजनिशी १९९४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आली. निक्सन यांचे स्वतःचे आत्मचरित्र १९७८ चे. दोन्ही शेजारी ठेवली की टेलर आणि एल्फिन्स्टन यांच्यातला फरक पुन्हा दिसतो.

आपल्या ताटापर्यंत येणारे एक उदाहरण घेऊ. साठच्या दशकात भारत अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हावर अवलंबून होता. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे एकदम मंजूर न करता थोडी थोडी सोडली. १९७१ च्या आत्मचरित्रात ते या धोरणाचे समर्थन करतात. भारताने आपली शेती सुधारावी म्हणून हात आखडता घेतला, असे त्यांचे म्हणणे. वॉशिंग्टनच्या टेबलावरून ते तसे दिसलेही असेल. रेशन दुकानापुढच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला तेच धोरण ‘आज गहू आला नाही’ एवढ्या वाक्यात समजत होते. वऱ्हाडच्याच पंजाबराव देशमुखांनी दिल्लीत भरवलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला डिसेंबर १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाने जगाला शेती दाखवली, आणि सहा वर्षांत देश गव्हाच्या जहाजांची वाट पाहत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

अमेरिकेने मात्र आत्मचरित्रांवर सारी भिस्त ठेवली नाही. १९४८ मध्ये अॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने कोलंबिया विद्यापीठात मुलाखती ध्वनिमुद्रित करून जतन करण्याचे काम सुरू केले. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मिलर सेंटरने जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीपासून अनेक राष्ट्राध्यक्षांच्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. विचारणारे आधी त्या काळचे कागद वाचून तयार होतात. मुलाखत काही तास, कधी दोन दिवस चालते. शब्दन् शब्द उतरवून तो मजकूर बोलणाऱ्याला दाखवतात. एखादा भाग अमुक वर्षांपर्यंत उघडू नये असे तो सांगू शकतो. बंद कुलपाची हमी असल्याने माणूस खरे बोलतो. आणि एकच बैठक चार जणांच्या तोंडून ऐकायला मिळते, त्यामुळे कुणा एकाच्या आठवणीवर हवाला ठेवावा लागत नाही.

मराठीतही अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाडात कारकीर्द सुरू केलेले चिंतामणराव देशमुख, माजी कॅबिनेट सचिव भालचंद्र देशमुख, माजी गृहसचिव माधव गोडबोले यांची पुस्तके वाचनालयांत मिळतात. ती वाचावीतच. पण ती दिल्लीची आणि मंत्रालयाची आहेत. तालुक्याच्या कचेरीतून राज्य कसे दिसते, हे त्यांत फारसे सापडणार नाही.

आणि वऱ्हाडात तर विचारायला माणसे अजून आहेत. १९७२-७३ च्या हंगामात महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याने कापूस सरकारच्या केंद्रावरच विकायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, जिथे जिथे केंद्र तिथे बंड्यांच्या रांगा लागल्या. थंडीत शेतकरी बंडीखालीच झोपत. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेई, धागा ओढून पाही, कवडी आणि ओल पाही, आणि एका शब्दात प्रत ठरे. त्या शब्दावर घरातल्या लग्नाचे, पोराच्या फीचे गणित अवलंबून असे. मग काटा, पावती, आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट. चुकारा हप्त्याहप्त्याने येई. बाहेर भाव वाढला की कापूस रात्रीतून सीमेपलीकडे मध्यप्रदेशात किंवा आंध्रात जाई. तीसएक वर्षे ही योजना चालली आणि वऱ्हाडचे राजकारण, सहकार, कर्ज, सारे तिच्याभोवती फिरत राहिले.

त्या पहिल्या हंगामात पंचविशीत असलेला ग्रेडर आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. केंद्रप्रमुख, जिनचा फिटर, काट्यावरचा माणूस, चुकाऱ्याच्या याद्या करणारा बँकेतला कारकून, त्याच वर्षीच्या दुष्काळात रोजगार हमीचे हजेरीपत्रक सांभाळणारा मुकादम, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा होताना दप्तरे वाटून देणारा नायब तहसीलदार, हे सगळे अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत निवृत्त जीवन जगताहेत. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे, दोन्ही मिळून इतिहासाचे, शेतीचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांनी या माणसांच्या मुलाखती घ्याव्यात. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या वर्षीचे हमीभाव, त्या केंद्राची आवक, ‘तरुण भारत’सारख्या वर्तमानपत्रांतली त्या काळची कात्रणे वाचून जावे. मोघम प्रश्न विचारू नयेत. पहिला प्रश्न असा असावा: साहेब, पहिल्या दिवशी केंद्र किती वाजता उघडले, आणि पहिल्या बंडीला तुम्ही कोणती प्रत दिली? मग त्याच केंद्रावर बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या घरी जावे आणि तोच प्रश्न त्याला विचारावा.